भाऊजींचे रानातले सोयरे

या, अशा जवळ येऊन बसा. आणि आधी थोडं बोलणं ऐकून घ्या. भिंतीवर पाल दिसली की तुम्ही शहरातली माणसं पलंगावर चढता, फवारा मारता, शेजाऱ्यांना फोन करता. बरं दिसतं का हे? माझ्या धाकट्या दिरांना कळलं तर ते तुमच्या वतीनं त्या पालीची माफी मागायला येतील. साऱ्या सालेकसा तालुक्यात जनावरांशी इतकी सोयरीक जोडलेला माणूस दुसरा नाही, हे मी पैजेवर सांगते.

आमचं घर गावाच्या अगदी शेवटी. मागे धानाच्या बांध्या, त्यापलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे जंगल. रानात जनावराचं नाव घेऊ नये, घेतलं की ते येतं, असं आमच्याकडे मानतात. तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बाया वाघाला नुसतं 'मोठा' म्हणतात. भाऊजींनी ही रीत घेतली आणि तिचा पार संसार मांडला. रानडुक्कर म्हणजे जावई, कारण तो सारं उकरून गेला तरी त्याला कोणी काही बोलू शकत नाही. अस्वल म्हणजे काका. एकदा मोहफुलं वेचायला गेले आणि रिकामी टोपली घेऊन परत आले. मी विचारलं तर म्हणाले, काका आधीच येऊन बसले होते, मोठ्यांच्या पंगतीत आपण कसं बसायचं?

धामण म्हणजे आत्याबाई. न सांगता येते, घराचा कोपरान् कोपरा बघते आणि काही न बोलता निघून जाते. एकदा ती चुलीपाशी निघाली. मी हातात उलथनं धरून पाटावर उभी. भाऊजी आले, उकिडवे बसले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "आत्याबाई, उंदरं कोठीत हायेत जी. इकडं वहिनी हाये." धामण खरंच वळली. ती माझ्या ओरडण्यानं वळली असं मला अजून वाटतं, पण भाऊजींना ते सांगण्यात अर्थ नाही.

आणि वाघ म्हणजे मामा. हे नाव साऱ्या टोलीनं, म्हणजे आमच्या वस्तीनं, उचललं. नाल्यावर पंजे दिसले की कोणीतरी "मामा येऊन राहिले" अशी हाक द्यायचं, की शेळ्या आत, माणसं आत, कड्या लागल्या. भाऊजी मात्र म्हणायचे, सोयऱ्याला भ्यायचं कायले, मी तं हात जोडून रामराम करीन.

आता खरे मामा ऐका. भाऊजींची बायको म्हणजे माझी जाऊ, तिचा भाऊ सौंदडकडचा. भाऊजींच्या लेकीचं जावळ होतं, तेव्हा छपराच्या कवेलूंवर वानरं बसली होती. मेहुण्यांच्या पानात अन्न उरलेलं पाहून भाऊजी बोलून गेले, की वानरं तरी उष्टं टाकत नाहीत. मेहुणे पानावरून उठले ते उठलेच. लेक शाळेत गेली, कॉलेजात गेली, पण मामाचं पाऊल या घराला लागलं नाही. भाऊजी दोनदा माफी मागायला गेले. दोन्ही वेळा मेहुणे मागच्या दारानं शेतावर निघून गेले.

मग लेकीचं लग्न ठरलं. आमच्यात मुलीला बोहल्यावर मामानंच आणायचं. चुलत मामा उभा करता आला असता, पण माझी जाऊ ऐकेना. हळदीच्या दिवसापर्यंत सौंदडहून ना होकार ना नकार. ती पाटावर बसून नुसती हळद ढवळत होती. मी म्हटलं, खा वं दोन घास. म्हणाली, "दादा नाही आला तं मी मांडवात उभी राहणार नाही, बाई."

भर दुपारी आमची शेजारीण धावत आली. तिनं रेल्वे फाटकाजवळ नवरीच्या मामाला पाहिलं होतं. आनंदानं ती बिचारी लांबूनच ओरडली, मामा येऊन राहिले, फाटकापाशी आले.

काय सांगू तुम्हाला. पापड तळायच्या आत मांडव रिकामा. वाजंत्रीवाले ट्रॅक्टरवर चढले, आचारी कढईसकट घरात शिरला, शेळ्या नवरीच्या खोलीत. आणि सोयऱ्याला रामराम करणारे आमचे भाऊजी सर्वांच्या आधी गोठ्याच्या छपरावर.

मेहुणे आले. नवं धोतर, हातात पेटी, खांद्यावर भाचीच्या लुगड्याचं गाठोडं. समोर तोरण लावलेला मांडव आणि सगळी दारं बंद. पाठ फिरवून चालू लागले. फटीतून बघणाऱ्या माझ्या जावेनं ती चाल ओळखली. हळदीच्या हातांनी कडी काढून ती अनवाणी धावली आणि भावाचं धोतर धरलं. पिवळे पंजे उमटले धोतरावर.

मेहुणे तिच्याकडे बघेनात. छपराकडे बघून म्हणाले, "काऊन जी, मले पाहून दारं लावता?"

भाऊजी खाली उतरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना थट्टा सुचली नाही. खाली मान घालून म्हणाले, "वाघ समजलो जी तुमाले."

मेहुण्यांनी पेटी खाली ठेवली. मिशीवरून हात फिरवला.

"वाघ?"

"हो जी."

"मंग ठीक हाये," ते म्हणाले आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी मामानं भाचीला हाताला धरून बोहल्यावर आणलं. माझी जाऊ मांडवात उभी होती, आणि भाऊजी आचाऱ्याच्या धुरामागे डोळे पुसत होते. धूर फार झाला म्हणाले.

आता मेहुणे सणावाराला येतात. त्यामुळे नवीनच घोर लागला आहे. मामा आले म्हटलं की दारं उघडतात, चहा चढतो. वाघासाठी भाऊजी दुसरं नातं शोधत आहेत. परवा मीच गमतीनं म्हटलं, लेक म्हणा त्याला, वर्षातून एखादवेळीच दिसते. भाऊजी हसले नाहीत. लेक रायपूरला असते, नोकरी आहे, सुट्टी मिळत नाही. नाल्याकडे बघत म्हणाले, "तिचं नाव घेतल्यानं ती येत असती तं दिवसभर घेतलं असतं, वहिनी."

म्हणून म्हणते, तुम्ही तरी लवकर या. सालेकशाला उतरलात की फाटकावरून सरळ चालत या. भाऊजी बांधीवरच असतात. तुम्हाला लांबून पाहिलं की ते कोणतं तरी नातं लावतीलच. लावू द्या.