मी आटवलेली हॅट

लग्नाला चार महिने झाले होते तेव्हा मी सासऱ्यांची फेल्ट हॅट धुतली. असं लिहिलं की साधं वाटतं. त्या बावीस वर्षांच्या मुलीला मात्र वाटत होतं, आपण या घरात विज्ञान आणतोय. लोकरीची शाल रिठ्याच्या पाण्यात धुतात, हॅटही लोकरीचीच, मग अडचण कसली? मळ सुटावा म्हणून पाणी चांगलं कढत घेतलं. चोळली, पिळली, आणि आकार टिकावा म्हणून पालथ्या तांब्यावर चढवून गच्चीत उन्हात ठेवली. आकार टिकला. तांब्याचा.

आम्ही तेव्हा वर्तकनगरला राहायचो. मामंजी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हेडक्लार्क. ही करडी हॅट घालून रोज चालत कामाला जायचे. सोमवारी सकाळी त्यांनी ती डोक्यावर ठेवली, पण ती काही खाली उतरेना. त्यांनी आरशात पाहिलं, मग माझ्याकडे. मी पदराचं टोक चावत उभी.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "हे आपल्या दोघांत."

हॅट ट्रंकेत गेली. कुणी विचारलं तर ते सांगायचे, आता मोकळ्या डोक्याने जावं म्हणतो. मी सुटले. त्या आनंदात शिरा केला, तोही करपवला.

मामंजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गेल्या महिन्यात ठाकुर्लीच्या घरी माळा आवरताना ह्यांना ती ट्रंक सापडली. ह्यांच्या डोक्यावर आता केस नावालाच, ऊन लागतं. म्हणून हॅट लगेच घालून पाहिली. टाळूवर नुसती टेकली. आता बाबांचं डोकं लहान होतं असं काहीतरी म्हणतील, म्हणून मी हसू दाबून उभी. पण हे हॅट हातात फिरवत राहिले आणि म्हणाले, "माझ्यामुळे सोडली त्यांनी."

मग सांगितलं ते मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मी हॅट धुतली त्याच आठवड्यात हे बाबांना हसत म्हणाले होते, की ही घालून तुम्ही लग्नातल्या बँडवाल्यासारखे दिसता. आणि सोमवारी बाबा बोडक्याने कामाला गेले. माफी मागायचं कितीदा ओठांवर आलं, पण राहूनच गेलं. आता निदान ही घालून चार पावलं फिरलो असतो तर बरं वाटलं असतं, म्हणाले.

यावर मी काय करावं? म्हटलं, "द्या इकडे, बघते," आणि गप्प बसले. मामंजींना शब्द दिलाय, असं स्वतःला बजावलं. शब्द कुठला, नुसती मुंडी हलवली होती. वय वाढलं, पण भित्रेपणा तसाच, जपून ठेवलेला.

कामाला मात्र लागले. कपड्यांच्या ब्रशने धूळ काढली, एकाच दिशेने. आतली चामड्याची पट्टी कडक होऊन आखडली होती, तिचे टाके उसवून ती बाजूला ठेवली. शिवणाच्या टेपने ह्यांचं डोकं मोजलं. हे लहान मुलासारखे मान ताठ करून बसले, त्यामुळे मला आणखीच अपराधी वाटलं. तेवढ्या घेराचा स्टीलचा डबा घेतला. पण डबा गोल आणि डोकं लांबट, म्हणून पुढेमागे वर्तमानपत्राच्या घड्या बांधल्या. मग मोदकपात्रात पाणी उकळून हॅट वाफेवर धरली. या वेळी पाण्याचा थेंब लागू दिला नाही. ऊब लागली तशी ती लोकर मऊ पडली. दोन्ही हातांनी थोडी थोडी ताणत डब्यावर उतरवली. एका दमात होईना, चारदा वाफ दिली. दोन दिवस सावलीत तशीच राहू दिली. पट्टी परत शिवताना मागे बोटभर फट सोडावी लागली.

तिसऱ्या दिवशी शेवटचा टाका घालताना हे समोर येऊन बसले आणि विचारलं, "इतकी लहान कशी गं होती?"

"मी धुतली होती," मी म्हटलं. "कढत पाण्यात. बाबांना माहीत होतं. माझं नाव येऊ नये म्हणून त्यांनी ती ठेवून दिली."

ह्यांनी विचारलं, "म्हणजे मी बोललो म्हणून नाही?"

"तुमच्या बोलण्याने टोपी आटत नाही हो. तसं असतं तर मी एव्हाना चिमणीएवढी झाले असते."

ते हसले नाहीत. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. मग पुन्हा विचारलं, "नक्की ना?" मी नक्की म्हटलं. रागावतील म्हणून वाट पाहिली, पण तेवढी उसंत त्यांना नव्हती. हॅट घातली, डावीकडे जरा काचते म्हणाले, आणि चपला घालून खाली गेले.

मी गॅलरीतून पाहत होते. गेटपाशी शेजारच्या इमारतीतले गृहस्थ भेटले. ह्यांनी हॅट काढून त्यांना आतून-बाहेरून दाखवली, हातवारे करत बरंच काही सांगितलं. मग दोघांनीही मान वर करून आमच्या गॅलरीकडे पाहिलं.

मी आत गेले.