परळच्या फॅमिली रूममधली दुसरी कॉफी

मुंबईची ती खेप मला मिळाली ती बाळंतकाढ्यामुळे. सांगलीच्या आमच्या कारखान्याचा काढा मुंबईतल्या प्रसूतिगृहांत खपवायचा होता आणि तिथल्या मेट्रनबाई पुरुष विक्रेत्यांना दारातूनच वाटेला लावत. तेव्हा मालक तात्या नाइलाजाने म्हणाले, "तू जाऊन बघ. पण एकटीची जेवण्याखाण्याची, उठण्याबसण्याची अडचण झाली, तर पुढच्या खेपेला माझा पुतण्या जाईल." मला ते काम हवं होतं. घरात रोज माझ्या लग्नाची चर्चा चाले, त्यापेक्षा काढा विकणं बरं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मिरजेहून मीटरगेजने पुणं, तिथं गाडी बदलून सकाळी दादर. निघताना जो तो बजावत होता, हरताळ असेल, दगडफेक असेल. दादरला उतरले तर भिंतीवर 'झालाच पाहिजे' रंगवलेलं आणि खाली भाजीवाल्या निवांत मेथीच्या जुड्या लावत बसलेल्या. मुक्काम फणसवाडीत मावशीकडे. पहिला दिवस गिरगावातच गेला. तुम्हाला तिथल्या वाड्या बघायच्या असतील तर पायीच बघा, वाहनातून नुसत्या दुकानांच्या पाट्या दिसतात. दुपारी मावशीकडे आमटीभात झाला, त्यामुळे जेवणाचा प्रश्न त्या दिवशी आला नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅमने एका आण्यात लालबाग गाठलं. तिथं मिरच्या कुटण्याचं काम जोरात होतं. पहिल्याच मेट्रनबाईंपुढे बोलायच्या ऐवजी मला शिंका सुटल्या. त्या हसल्या, पदर नाकाला लावून बसा म्हणाल्या आणि डझनभर बाटल्या घेतल्या. तिथून परळपर्यंत चालत गेले. तोवर पोटात कावळे ओरडायला लागले होते.

इस्पितळाजवळ एक हॉटेल दिसलं. पुढच्या हॉलमध्ये गिरणीतून सुटलेले कामगार मुंबई आपल्याला मिळणार की नाही यावर टेबलं बडवत होते. मागे फॅमिली रूम, म्हणजे लाकडी फळ्या आणि पडदे लावून केलेले कप्पे. तिथं बसले आणि पुरीभाजी नि एक कॉफी सांगितली. वेटर शांताराम, चाळिशीतला मालवणी माणूस, पुऱ्यांबरोबर दोन कप कॉफी घेऊन आला. एक माझ्यासमोर ठेवला, दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

"मी एकच सांगितली होती," मी म्हणाले.

"साहेब येतले मा," तो हळूच म्हणाला.

"कोण साहेब? मी एकटीच आहे. हा कप परत न्या."

"बाय, ऱ्हवांदे तो थंयच."

आपल्याला गावंढळ समजून जास्तीची कॉफी गळ्यात मारतायत, असं मला वाटलं. मी आवाज चढवला. तो गल्ल्यावर ऐकू गेला आणि हॉटेलचे मालक पडदा सारून आत आले.

"बाई, एकट्या आहात? एकट्या बाईमाणसाला इथं बसवत नाही आम्ही. लोक नावं ठेवतात." मग शांतारामकडे वळून, "आणि तू असे दोन-दोन कप आणखी किती जणींपुढे मांडतोस रे?"

शांतारामचा चेहरा पडला. त्याच्या मागे शेजारच्या कप्प्याचा पडदा अर्धा उघडा होता. आत पांढऱ्या साडीतली एक नर्स एकटीच बसली होती. तिच्या टेबलावर दोन कप होते. ती माझ्याकडे बघत होती, हातातला घास हातातच. माझ्यासारखीच तीही आता बाहेर जाणार होती, तिच्यामागून शांताराम, आणि तात्यांच्या पुतण्याची मुंबई पक्की होणार होती.

मी पुरीभाजीची ताटली उचलली. "एकटी कशी असेन? ही काय माझी मावसबहीण पलीकडे बसलीय. तिनं माझी कॉफी आधीच मागवून ठेवलेली. मला ती दिसली नाही म्हणून मी इथं बसले, दोघी भेटणार म्हणून यांनी इथंही दोन कप ठेवले आणि घोटाळा झाला. यांची काही चूक नाही."

मालकांनी नर्सकडे पाहिलं. "किती उशीर गं," ती मला म्हणाली आणि खुर्ची पुढे सरकवली. दोघी म्हटल्यावर मालकांना हरकत उरली नाही. ते गल्ल्यावर परतले.

आभाराचे दोन शब्द येतील म्हणून मी थांबले. नर्स दबक्या आवाजात म्हणाली, "ओरडायला काय झालं होतं? इस्पितळातल्या आम्ही सगळ्या इथंच जेवतो. समोर दुसरा कप दिसला की बाईबरोबर कुणी पुरुष आहे असं मालकांना वाटतं. तो कप प्यायचा नसतो. आपण उठलो की तसाच आत जातो, पैसे पडत नाहीत." त्या दिवशी तो मी प्यायले. चांगली होती कॉफी. शांतारामने मात्र बिलात ती धरली.

सांगलीत परतल्यावर तात्यांनी ऑर्डरी पाहिल्या, मान डोलावली आणि विचारलं, "काही अडचण?" मी म्हणाले, "काही नाही."

पुढे कित्येक वर्षं मुंबई माझ्याकडेच राहिली आणि त्या हॉटेलात जेवणही. आता तिथं कुणीही बाई एकटी बसते, एक कॉफी सांगते, एकच येते. खुशाल जा. मी मात्र तेव्हा जायची ती त्या दोन कपांच्या मांडणीसकट. माझं पोट मी भरत होते, प्रवास मी करत होते, बिल मी देत होते आणि समोर गरम कॉफी एका नसलेल्या माणसासाठी निवत असायची. शांतारामचा मला पुन्हा कधी राग आला नाही. त्या रिकाम्या खुर्चीचा मात्र दर वेळी यायचा, अजूनही येतो.