अंगठ्याएवढा चकचकीत डाग

मिसळीच्या कटाचा वास आला की अजून माझे कान तापतात. एम.एस्सी.ला असताना ॲसिडमध्ये पोलाद गंजू न देणारे रेणू आम्ही तपासत होतो. सपाट रेणू पत्र्यावर भाकरीसारखा पसरतो, फांद्यांचा रेणू नीट टेकत नाही आणि फटीतून ॲसिड शिरतं, असं सर सांगायचे. माझा फांद्यांच्या रेणूचा पत्रा मात्र कमी गंजला. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "सर, तुमचं चुकतंय की." सरांनी पत्रा उजेडात धरला. गंजून राखाडी झालेल्या पत्र्यावर माझ्या अंगठ्याएवढा एकच चकचकीत डाग होता. तिथं ॲसिड तेलानं अडवलं होतं. "मिसळ खाऊन आलतास व्हय?" मी मान हलवली. "रेणूचं ऱ्हाऊ दे, आधी हात धू." बायको हसते, पण कटात पाव मी आजही चमच्यानंच बुडवतो.