शाब्बास म्हणण्याआधी

काजं-बटणं करणाऱ्या मावशींचा जन्मच धसका घेण्यात गेला. कारखान्यात सुपरवायझरनं तोंड उघडलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या, मग पुढे शिवी येवो नाहीतर शाबासकी. आणि अशा बाईच्या गळ्यात भाचीनं ओंजळीत मावेल एवढं कुत्र्याचं पिल्लू बांधलं!

घरमालकाला कुत्र्याचं नावही खपत नसे, त्यामुळे पिल्लाला बाहेर नेणार कसं? मावशींनी न्हाणीत ट्रे ठेवला, त्यात जुना पेपर अंथरला. पण ते मेलं पिल्लू नेमकं दाराशीच शू करायचं.

सुटीच्या सकाळी घरमालकाच्या चपला दाराबाहेर थांबल्या. आत पिल्लानं शू केली आणि ओघळ उंबऱ्याकडे निघाला. मावशींनी फडकं टाकून तो अडवला. चपला खाली उतरून गेल्या, तशा मावशी पिल्लावर कडाडल्या, "अक्कल गहाण टाकलीस का रे गाढवा?"

हे वाक्य सुपरवायझरचं होतं. आवाजही त्याचाच.

दुपारी पिल्लू लटपटत न्हाणीत गेलं आणि बरोब्बर पेपरवर बसलं. मावशींचा जीव भांड्यात पडला. शाब्बास म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि पिल्लानं डोळे घट्ट मिटून घेतले.