धाकट्या जावेचं रेडिओ स्टेशन

रेडिओची कल्पना माझी. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायचं नाही. आपल्या गावांचं आपलं स्टेशन असावं म्हणून बुऱ्हाणपुरात चकरा मी मारल्या, सरकारी नियम मी वाचले. एकट्या माणसाला परवाना मिळत नाही. संस्था लागते, तीही किमान तीन वर्षं जुनी. माझं महिला मंडळ सव्वा वर्षाचं. धाकटी जाऊ ज्या संस्थेत नोकरीला होती, ती मात्र चांगली जुनी. मीच तिला फॉर्म भरून दिला. परवाना आला आणि माइकसमोर बसली ती. आयत्या बिळात नागोबा!

आवाज तिचा चिरका. तरी केळीच्या बागेत मजूर मोबाइलवर तिलाच लावायचे. सासूबाई तर तिचा कार्यक्रम संपल्याशिवाय ताटावर बसायच्या नाहीत. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

ऐकायचे मीही. रोज, वही घेऊन. चुका शोधायला.

एकदा वावटळ झाली आणि जाऊ माझ्या तावडीत सापडली. ‘जसोंडी गावच्या बागा आडव्या झाल्या, पंचनाम्याला अजून कोणी फिरकलं नाही,’ असं ती सरळ बोलून गेली. अशा स्टेशनला स्वतःच्या बातम्या द्यायची मनाई आहे. आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा लावायच्या. मी त्याच दुपारी दिल्लीला तक्रार टाकली. खाली सही केली, ‘एक श्रोता’.

महिन्याभरात नोटीस आली: खुलासा द्या, नाहीतर परवाना रद्द. जाऊ कागद घेऊन थेट माझ्याकडेच आली. तिचा चेहरा उतरला होता.

“ताई, स्टेशन बंद करतीन का हो? जवाब तुम्हीच लिहून द्या. कानून तुम्हालेच समजते.”

मी पेन उघडलं. बागा खरंच आडव्या झाल्या होत्या, ते मला ठाऊक होतं. जाऊ नोटिशीला जोडलेली माझी तक्रार वाचत बसली. तिनं अक्षर ओळखलं तर, म्हणून मी कागद काढून घ्यायला हात पुढे केला. मग आठवलं, तक्रार तर मी टाइप करून घेतली होती.

“तारीख, टाइम, एकेक शब्द लिहेल हाय,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “माझं बोलणं इतकं मन लावून कोणी ऐकते, मले तं मालूमच नव्हतं, ताई.”

लाज मला नंतर वाटली. आधी हेवाच वाटला. माझं इतकं कधी कोणी ऐकलं नव्हतं.