बांडगुळाचा वैरी

रहिमतपुरातले आमचे शेजारी फौजेतून निवृत्त झालेत, पण बोलतात अजून कवायतीच्याच आवाजात. या उन्हाळ्यात आमच्या मरगळलेल्या आंब्यावर एकच फांदी हिरवीगार दिसली, म्हणून मी कौतुक केलं. ते खवळलेच. "आवं वहिनी, त्ये बांडगूळ हाय! झाड तहानलंय, पानं गाळून पाणी राखतंय, आन ह्ये फुकट पीत बसलंय."

कोयता घेऊन तरातरा वर चढले आणि काही न तोडताच उतरले. बांडगुळात शिंजिराचं घरटं होतं, आत पिल्लं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आपल्या आडाचं पाणी आणून आमच्या आंब्याला घालतात. काल खोडावर हात ठेवून हळूच म्हणत होते, "थोडी कळ काढ गड्या. पाखरू लेकुरवाळं हाय."