बसायच्या जागी कळतं का?

रहिमतपुरात मास्टरचाचांकडे पँट शिवायला टाकणाऱ्याला मापाआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे: कंबर दुखते का? उत्तर 'नाही' आलं, तर टेप लगेच कमरेभोवती फिरे. 'हो' आलं, की चाचा टेप पुन्हा गळ्यात टाकत आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात आणखी दोन प्रश्न विचारत. लघवी नीट सुटते का? बसायच्या जागी कळतं का? एकदा एक निवृत्त हवालदार भडकले. "आवं मास्टर, पँट शिवताय का दवाखाना काढलाय?" चाचा शांतपणे म्हणाले, "पँट उद्याबी शिवीन. तुमी आधी सांगा."

हे प्रश्न चाचांना त्यांच्या स्वतःच्या शरीराने शिकवले. त्या शिक्षणात माझ्या एका चुकीचा वाटा आहे.

तेव्हा मी साताऱ्याला फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमचं घर चाचांच्या दुकानासमोर, त्यामुळे माझे सगळे अ‍ॅप्रन त्यांच्या हातचे. लग्नसराईत त्यांची एक पद्धत ठरलेली होती: दिवसभर पाणी जवळजवळ प्यायचं नाही. "पाणी प्यालं की उठाय लागतं, आन उठलं की हातातली बाही ऱ्हाती." त्या हंगामात कापडाचा गठ्ठा उचलताना त्यांच्या कमरेत कळ आली आणि दोन्ही पायांत उतरली. त्यांनी कमरेला पंचा आवळला आणि ते पुन्हा मशीनवर बसले. दोन दिवसांनी मी अ‍ॅप्रन न्यायला गेले, तर स्टुलावर नवी, जाड गादी.

"ही कशाला, चाचा?"

"अगं, बूड बधिर झालंय बसून बसून. चिमटा काढला तरी कळंना. कालपासनं लगवीलाबी उठलो न्हाई. बरंच हाय की, काम लय हुतंय!"

ते हसले, मीही हसले. "बसून बसून होतंच ते. मधूनमधून उठत जा," असं सांगून मी नवा अ‍ॅप्रन घालून आरशात पाहिलं. ही सगळी लक्षणं महिन्यापूर्वी मी उत्तरपत्रिकेत क्रमाने लिहिली होती आणि पूर्ण गुण मिळवले होते. पण पुस्तकातला रुग्ण हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी चाचांचं उजवं पाऊल उचलेना. साताऱ्याला नेलं, तपासणी झाली आणि त्याच दिवशी शस्त्रक्रियाही. नंतर खाटेशेजारी बसून मी त्यांना समजावलं. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो. त्याखाली उरतो तो नसांचा झुपका. शास्त्राने त्याला घोड्याच्या शेपटीचं नाव दिलं आहे. मणक्यांमधली चकती सरकून हा झुपका दाबला गेला, तर पाय, बसायची जागा, लघवी, शौच या सगळ्यांवरचा ताबा जाऊ शकतो. दाब तासांच्या हिशेबात काढावा लागतो, कारण उशीर होईल तसं नुकसान वाढतं.

"म्हंजे गोंड्याचे दोरे चेंगारले," चाचा म्हणाले. "आता दाब काढला. मग दोरे कवा सरळ हुतील?"

"महिने लागतील. कदाचित वर्षंही. काही गोष्टी परत येणारही नाहीत."

त्यांनी लघवीच्या पिशवीकडे पाहिलं. "ही नळी तेवढी सुटू दे. नळी घिऊन गिऱ्हाइकाम्होरं कसा बसू?"

पुढचं वर्षभर ते या एकाच गोष्टीसाठी झटले. मी व्यायाम शिकवले. मोजमाप त्यांनी स्वतःच शोधून काढलं. मांजरपाटाचा एक पायजमा बेतला. दर महिन्याला चाची टाचणीच्या गोल टोकाने दाबून पाहत. जिथे कळत नाही तिथली हद्द चाचा त्या पायजम्यावर खडूने आखत आणि वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने टाके घालत. लाल रेघेच्या आत हिरवी आली, हिरवीच्या आत पिवळी. एव्हाना पाऊल पायडलवर दाब देऊ लागलं होतं. निळ्या रेघेच्या आत तळहाताएवढी जागा उरली आणि नंतरचे टाके त्याच रेघेवर पडत राहिले. लघवीचंही तसंच झालं. कायमची नळी निघाली, पण दिवसातून अनेकदा स्वच्छ नळी स्वतः घालून मूत्राशय रिकामं करायचं, हे कायमचं झालं. मूत्राशय भरल्याचं कळत नसल्यामुळे त्यांनी ती वेळ पाच अजानांना बांधली. "आतलं कळत न्हाई, पण अजान तर ऐकू येती की!"

मला सांगलीला नोकरी मिळाली, तेव्हा अ‍ॅप्रनचं माप देताना मी शेवटी बोलले. "त्या दिवशी गादी पाहून मला ओळखता यायला हवं होतं."

"व्हय," चाचा म्हणाले. खडू थांबला नाही. "मलाबी वाटलं, डाक्टरीणच हसली म्हंजे काय नसंल." टेप माझ्या खांद्यावर लावत त्यांनी विचारलं, "आता तू इचारतीस का समद्यांना?"

"विचारते."

"कसं?"

"आसनभागातील संवेदनेत काही बदल जाणवतो का?"

"असं इचारलंस तर माणूस 'न्हाई' म्हणंल आन घरी जाईल. नीट इचार."

गेल्या महिन्यात माधवनगरचा एक यंत्रमाग कामगार आईसोबत माझ्याकडे आला. त्याची कंबर आणि दोन्ही पाय दुखत होते. बाकी काही नाही म्हणाला. मी चाचांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच आवाजात विचारलं, "बसायच्या जागी कळतं का?" माझ्या हाताखालच्या मुली खाली बघून हसू दाबू लागल्या. त्याने आईकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सकाळपासनं न्हाई." दुपारी त्याची शस्त्रक्रिया झाली.

चौथ्या दिवशी मी चाचांना फोन करून त्या कामगाराचं सांगितलं. मागे मशीन चालू होतं.

"येळंत गेला का?"

"गेला."

"आन लगवी?"

"नळी काढली. काल स्वतःहून झाली."

मशीन थांबलं. मग अजान ऐकू आली.

"लय ब्येस झालं," चाचा म्हणाले. "ठेव आता. मला नळी घालाय जायचंय."